अगस्त्य तारा : नाव आणि कीर्ती

माघ पौर्णिमेच्या सुमारास रात्री नऊच्या वेळी महाराष्ट्रातील कोणत्याही मोकळ्या जागी उभे राहून दक्षिणेकडे पाहिले असता क्षितिजापासून फार उंच नाही अशा ठिकाणी एक अत्यंत तेजस्वी पांढरा तारा दृष्टीस पडतो. त्याच्या उत्तरेस, बराच वर, व्याध तळपत असतो. संपूर्ण रात्रीच्या आकाशात व्याधाहून कमी व इतर सर्व ताऱ्यांहून अधिक तेज असलेला हा तारा म्हणजे अगस्त्य. आमच्या खेड्यापाड्यांत त्यास 'अगस्तीचा तारा' म्हणतात. हे नाव ज्या ऋषीचे मानले जाते, त्याच्याविषयी पुराणांतील कथा बहुतेकांच्या परिचयाच्या आहेत. त्याने विंध्यास नमविले, समुद्र प्राशन केला, वातापीस पचविले, अशा त्या पराक्रमकथा होत. बौद्ध वाङ्मयात या नावाच्या पुरुषाची एक अगदी वेगळी कथा जपली गेली आहे, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. प्रस्तुत लेखात या ताऱ्याच्या नामकरणाचा मागोवा घेत असताना त्या कथेकडे वाचकांचे लक्ष वेधण्याचा आमचा हेतू आहे. त्याचबरोबर अशा विषयात पुरावा कोठवर नेतो आणि कोठे थांबतो, हेही स्पष्ट करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१. ताऱ्याचे स्थान

नामकरणाचा विचार करण्यापूर्वी ताऱ्याचे स्थान ध्यानात घेतले पाहिजे. कारण या ताऱ्याच्या बाबतीत नाव आणि स्थान यांचा निकट संबंध आहे. अगस्त्य खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे ५२.७ अंशांवर आहे. त्यामुळे ३७ अंश उत्तर अक्षांशाच्या थोड्या पलीकडे गेले की तो मुळीच उगवत नाही. जसजसे दक्षिणेकडे यावे तसतसा तो वर चढतो. लडाखमध्ये तो क्षितिजाच्या अगदी जवळ राहतो. ल्हासा येथे त्याची कमाल उंची सुमारे साडेसात अंश, नागपूर येथे सुमारे सोळा अंश, मुंबई येथे सुमारे अठरा अंश, तर श्रीलंकेतील अनुराधपूर येथे सुमारे एकोणतीस अंश भरते. आधुनिक मापनानुसार तो आपल्यापासून सुमारे ३१० प्रकाशवर्षे दूर आहे.

एखादा मनुष्य दक्षिणेकडे प्रवास करू लागला तर हा तारा रोज थोडाथोडा वर येताना त्यास दिसतो. इ. स. पू. पहिल्या शतकातील ग्रीक विद्वान पोसिडोनियस याने याच गोष्टीचा उपयोग करून पृथ्वीचा परीघ काढण्याचा प्रयत्न केला. ऱ्होड्स बेटावर हा तारा क्षितिजास केवळ स्पर्श करतो आणि अलेक्झांड्रिया येथे तो काही अंश वर येतो, हे त्याच्या गणिताचे मूळ होते. म्हणजे दक्षिणेचा प्रवासी आणि हा तारा यांचे नाते कल्पनेने जोडलेले नाही; ते पृथ्वीच्या गोलाकारातून आलेले आहे. जो दक्षिणेस गेला त्याला हा तारा भेटला. ताऱ्याचे नाव दक्षिणेस गेलेल्या एका पुरुषाचे असावे, यात म्हणूनच आश्चर्य नाही.

दुसरी गोष्ट ऋतूची. मे महिन्याच्या उत्तरार्धात हा तारा आपल्याकडे सूर्यतेजात लुप्त होतो आणि ऑगस्टच्या मध्यास पहाटे आग्नेय दिशेस पुन्हा प्रकट होऊ लागतो. ढगांमुळे प्रत्यक्ष दर्शन पुष्कळदा आणखी लांबते. वराहमिहिराने सहाव्या शतकात रचलेल्या बृहत्संहितेत अगस्त्याच्या उदयावर एक स्वतंत्र अध्याय आहे. सूर्य कन्या राशीत जाण्यास सात अंश उरले असता उज्जयिनीस अगस्त्य दिसतो, असे तेथे सांगितले आहे. हा उदय प्रत्येक स्थळासाठी ज्योतिषाने गणिताने काढावा, ही सूचनाही तेथे आहे. वराहमिहिराच्या काळचे सूर्याचे ते स्थान आजच्या सायन दिनदर्शिकेत बसविले तर ऑगस्टचा मध्यच येतो. अगस्त्योदयानंतर गढूळ झालेले पाणी निवळते, हा समज त्या ग्रंथात आहे आणि कालिदासाच्या रघुवंशातही आहे. पाणी निवळते ते पाऊस ओसरतो म्हणून. तारा केवळ त्या काळाची खूण सांगतो.

या काळास बौद्ध परंपरेत विशेष महत्त्व आहे. आषाढ पौर्णिमेनंतर भिक्खू वर्षावासासाठी एका स्थळी राहतात आणि आश्विन पौर्णिमेस पवारणा करून पुन्हा चारिकेस मोकळे होतात. वर्षावासाच्या पूर्वार्धात पहाटेच्या आकाशात नुकताच प्रकटणारा हा तारा पवारणेच्या सुमारास मध्यरात्रीनंतर तासाभरातच उगवू लागतो. विनयग्रंथांत वर्षावासाचे दिवस पौर्णिमेवरून मोजले आहेत, ताऱ्यावरून नव्हे. तथापि मोकळ्या आकाशाखाली राहणाऱ्या भिक्खूंच्या नजरेतून इतका तेजस्वी तारा निसटला असेल, असे आम्हांस वाटत नाही.

२. नाविकाचे नाव आणि ऋषीचे नाव

पाश्चात्त्य जगात या ताऱ्यास कॅनोपस म्हणतात. ग्रीक परंपरेनुसार कॅनोबस हा मेनेलाउस राजाचा सुकाणूधर होता. ट्रॉयहून परतताना ईजिप्तच्या किनाऱ्यावर त्याचा अंत झाला, आणि त्याच्या नावाने अलेक्झांड्रियाजवळ एक नगर प्रसिद्ध होते. टॉलेमीने दुसऱ्या शतकात आपल्या ताऱ्यांच्या यादीत हे नाव नोंदविले आणि आंतरराष्ट्रीय खगोलसंघाने २०१६ साली तेच अधिकृत ठरविले. अरबी खलाशी व वाळवंटातील प्रवासी त्यास सुहैल म्हणत. ज्या तारकासमूहात तो मोडतो त्याचे आजचे नावही नौकातल असेच आहे. पूर्वीच्या अतिविशाल नौका समूहाचे अठराव्या शतकात तुकडे झाले, त्यांपैकी हा एक होय. नौकानयनाशी असलेला या ताऱ्याचा संबंध आजही तुटलेला नाही. १९६४ साली मंगळाकडे निघालेल्या मरिनर ४ या यानाने आपली दिशा स्थिर ठेवण्यासाठी सूर्याबरोबर याच ताऱ्याचा आधार घेतला होता.

भारतीय परंपरेत सुकाणूधराच्या जागी ऋषी आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात अगस्त्याच्या नावावर सूक्ते आहेत. तारा म्हणून त्याचा नेमका गणिती निर्देश ज्योतिषग्रंथांत आढळतो. सूर्यसिद्धांतात त्याचे स्थान मिथुन राशीच्या अखेरीस व क्रांतिवृत्ताच्या दक्षिणेस ८० अंशांवर दिले आहे. आधुनिक मोजणीने हे अंतर सुमारे ७६ अंश भरते.

पुढे अगस्त्याच्या या दक्षिणगमनास एक विशिष्ट अर्थ चिकटला. उत्तरेतील वैदिक संस्कृती दक्षिणेस नेणारा, दक्षिणेस संस्कार देणारा पुरुष, अशी त्याची प्रतिमा एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील अनेक इतिहासलेखकांनी रंगविली. पुराणकथेतील विंध्याचे नमन हा जणू एका वसाहतीचा वृत्तांत आहे, असे मानले गेले. त्याच्या प्रतिक्रियेदाखल या नावाकडे संशयाने पाहण्याची वृत्तीही वाढली. या दोन्ही भूमिकांत एक गोष्ट समान आहे. दोन्ही बाजू अगस्त्याची एकच कथा आहे असे गृहीत धरतात. ते गृहीत खरे नाही.

३. अकित्तीची कथा

पालि जातकसंग्रहात ४८०व्या क्रमांकावर अकित्ती जातक आहे. चरियापिटकातील पहिलीच चरिया अकित्तीची आहे. बोधिसत्त्वाच्या पारमितांत दानपारमिता प्रथम येते आणि तिच्या उदाहरणांतही अकित्तीस अग्रस्थान मिळाले आहे, यावरून या कथेचे महत्त्व कळून येईल. आर्यशूराच्या संस्कृत जातकमालेत हीच कथा सातव्या क्रमांकावर असून तेथे नायकाचे नाव अगस्त्य असे स्पष्ट दिले आहे. पालीतील अकित्ती म्हणजेच अगस्ती, हे अभ्यासकांनी या तुलनेवरून मान्य केले आहे.

कथा थोडक्यात अशी. वाराणसी येथील एका अतिशय धनाढ्य ब्राह्मण कुलात अकित्तीचा जन्म झाला. त्याच्या बहिणीचे नाव यसवती. मातापित्यांच्या निधनानंतर भांडारातील धन पाहताना त्याच्या मनात विचार आला की, हे धन साठविणारे सर्व गेले, धन तेवढे मागे राहिले. त्यांपैकी कोणीही ते बरोबर नेले नाही. त्याने ते सारे दान केले आणि तो बहिणीसह घराबाहेर पडला. लोक मोठ्या संख्येने त्याच्या मागोमाग गेले. अरण्यात मोठा समुदाय जमला, लाभसत्कार वाढला. तेव्हा कोणासही न सांगता अकित्ती एकटाच निघाला आणि दमिळ देशात कावीरपट्टनाजवळील एका उद्यानात राहू लागला. तेथेही लोक त्यास ओळखू लागले, पूजासत्कार सुरू झाला. मग तेही स्थान सोडून तो नागदीपाजवळील कारदीप नावाच्या निर्जन बेटावर गेला. तेथे एका कार वृक्षाखाली पर्णकुटी करून, त्याची पाने पाण्यात शिजवून, मिठावाचून खाऊन तो राहिला.

त्याच्या तपाने शक्राचे आसन तापले. शक्र ब्राह्मणाच्या वेषाने ऐन भोजनाच्या वेळी याचक म्हणून उभा राहिला. अकित्तीने शिजविलेली सर्व पाने त्यास दिली आणि स्वतः उपाशी राहून तो दिवस आनंदात घालविला. दुसऱ्या दिवशी तसेच घडले, तिसऱ्या दिवशीही तसेच. तेव्हा शक्राने प्रकट होऊन वर मागण्यास सांगितले. अकित्तीने राज्य, स्वर्ग, दीर्घायुष्य यांपैकी काहीही मागितले नाही. आपल्या चित्तात लोभ नसावा, मूर्खाची संगती घडू नये, सुज्ञाची संगती लाभावी, देण्यास अन्न व घेण्यास सदाचारी याचक असावेत आणि देऊन पश्चात्ताप होऊ नये, अशा आशयाचे वर त्याने मागितले. अखेरचा वर तर विलक्षण आहे. शक्राने पुन्हा आपल्यापाशी येऊ नये, असे तो म्हणाला. कारण देवाच्या दर्शनाने साधकाच्या प्रयत्नात प्रमाद शिरण्याचा धोका असतो.

या कथेत विंध्य नमत नाही, समुद्र आटत नाही, कोणाचा वध होत नाही. दक्षिणगमन मात्र आहे. परंतु त्याचे कारण संपूर्णतः निराळे आहे. पुराणांतील अगस्त्य दक्षिणेस जातो तो पराक्रमासाठी. जातकातील अकित्ती दक्षिणेस जातो तो कीर्ती टाळण्यासाठी. वाराणसीहून अरण्यात, अरण्यातून कावीरपट्टनास, तेथून समुद्रातील बेटावर, असे प्रत्येक पाऊल तो आपली ओळख पुसण्यासाठी टाकतो. दक्षिण येथे जिंकण्याची भूमी राहत नाही. ती त्यागाची दिशा होते.

येथे एका शाब्दिक योगायोगाकडे लक्ष वेधावेसे वाटते. पालीत 'कित्ति' म्हणजे कीर्ती, आणि 'यस' म्हणजे यश. ज्याच्या नावात 'अ-कित्ति' हा ध्वनी आहे तो पुरुष यसवतीला, म्हणजे 'यश असलेली'ला, मागे ठेवून निघतो. अकित्ती हे नाव अगस्तीवरूनच आले असल्याने कीर्तीचा त्याच्या व्युत्पत्तीशी संबंध जोडता येणार नाही. तथापि जातक ऐकणाऱ्या पालिभाषक श्रोत्याच्या कानांत तो अर्थ घुमला नसेल, असे म्हणवत नाही.

ही कथा ग्रंथांपुरती राहिली नाही. जातकमालेचा प्रसार महाराष्ट्रातही झाला होता. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात या ग्रंथातील क्षांतिवादी जातकाचे श्लोक चित्रासोबत लिहिलेले आढळले आहेत. जावा येथील बोरोबुदुरच्या भव्य स्तूपावर तर जातकमालेच्या चौतीसही कथा शिल्पांत कोरल्या असून त्यांत अगस्त्याची कथाही आहे. याच जावा बेटावर दिनोयो येथील इ. स. ७६०च्या शिलालेखात अगस्त्याच्या लाकडी मूर्तीच्या जागी काळ्या पाषाणाची मूर्ती बसविल्याचा उल्लेख आहे; तो शैव परंपरेतील आहे. एकाच बेटावर, फार अंतर नसलेल्या काळात, एका नावाच्या दोन परंपरा शेजारीशेजारी नांदत होत्या.

४. कावीरपट्टन, पोदियिल आणि सोपारा

जातकातील कावीरपट्टन म्हणजे कावेरीच्या मुखाशी असलेले कावेरीपूंपट्टिनम् होय. येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केलेल्या उत्खननात बौद्ध विहाराचे अवशेष आणि पाषाणाचे बुद्धपद सापडले आहे. तमिळ बौद्ध महाकाव्य मणिमेकलै याचा बराचसा भाग याच नगरीत घडतो, आणि त्याच्या प्रास्ताविकात कावेरी नदी अगस्त्याच्या कमंडलूतून वाहू लागल्याची कथा येते. म्हणजे बौद्ध कवीला अगस्त्याचे नाव परके वाटले नाही.

याहून महत्त्वाचा पुरावा अकराव्या शतकातील आहे. वीरराजेंद्र चोळाच्या काळात बुद्धमित्र नावाच्या बौद्ध पंडिताने वीरसोळियम् हा तमिळ व्याकरणग्रंथ रचला. अगस्त्याने तमिळ भाषा अवलोकितेश्वराकडून ग्रहण केली, असे त्याने आरंभीच सांगितले आहे. शैव परंपरेत अगस्त्यास तमिळ शिकविणारा शिव आहे. बौद्ध परंपरेने गुरूच्या स्थानी बोधिसत्त्वास बसविले, पण शिष्य तोच ठेवला. अगस्त्याचे निवासस्थान मानलेला पोदियिल पर्वत आणि अवलोकितेश्वराचे निवासस्थान मानलेला पोतलक पर्वत हे मुळात एकच असावेत, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. सातव्या शतकात युआन च्वांगने मलय पर्वत आणि त्याच्या पूर्वेस पोतलक यांचे वर्णन केले आहे, ही गोष्ट या मतास पोषक ठरते. हे मत निर्णायक मानता येत नसले तरी दक्षिणेच्या त्या टोकाशी दोन्ही नावे एकत्र आली होती, एवढे निश्चित.

नाविकाच्या ज्ञानाची परंपराही बौद्ध वाङ्मयात आहे आणि तिचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. जातकमालेतील सुपारग जातकाचा नायक वृद्ध सुकाणूधर आहे. ताऱ्यांच्या गतीचे ज्ञान असल्याने त्यास दिशाभ्रम होत नसे, असे आर्यशूर सांगतो. सुपारग हे नाव शूर्पारकाशी, म्हणजे आजच्या वसई परिसरातील सोपाऱ्याशी, जोडले गेले आहे. त्या सोपाऱ्यास १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले; सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा अंशही तेथेच मिळाला. ईजिप्तकडून येणारी जहाजे ज्या किनाऱ्यास लागत त्याच किनाऱ्यावरील हे बंदर. ग्रीकांनी सुकाणूधराच्या नावाने ओळखलेला तारा येथील खलाशीही पाहत असले पाहिजेत. सुपारग कोणते तारे पाहत असे हे जातकात सांगितलेले नाही, म्हणून त्यात अगस्त्याचे नाव घुसडणे योग्य होणार नाही.

५. चीन आणि तिबेट

चीनमध्ये या ताऱ्याचे नाव 'वृद्ध पुरुष' असे आहे. तो दिसला तर शांतता नांदते, न दिसला तर युद्ध उद्भवते, अशी समजूत इ. स. पू. पहिल्या शतकातील इतिहासकार स्सु-मा च्येन याने नोंदविली आहे. पुढे हा तारा दीर्घायुष्याचा देव झाला. छांग-आन येथे तो क्षितिजावर जेमतेम तीन अंश येतो. जो क्वचित दिसतो त्याच्याभोवती शुभाशुभाची कल्पना जमणे स्वाभाविक होते.

ही धूसर समजूत मागे सारून त्या ताऱ्याकडे गणिती दृष्टीने पाहण्याचे कार्य एका बौद्ध भिक्षूच्या योजनेतून घडले, याचा आम्हांस विशेष आनंद वाटतो. तांग सम्राट श्वान-त्सुंग याच्या दरबारातील यी-शिंग (६८३-७२७) हा भिक्षू त्या काळातील अग्रगण्य ज्योतिर्गणिती होता. नालंदा परंपरेतील आचार्य शुभाकरसिंह यांच्यासह महावैरोचन सूत्राचे चिनी भाषांतर करणारा तो हाच. त्याच्या नव्या पंचांगासाठी इ. स. ७२४ मध्ये उत्तर-दक्षिण अशा दूर अंतरावरील स्थळांहून शंकूच्या सावल्या व ध्रुवाची उंची मोजण्यात आली. दक्षिणेस आजच्या उत्तर व्हिएतनाममध्ये गेलेल्या निरीक्षकांनी आठव्या महिन्यात समुद्रावरून 'वृद्ध पुरुष' पाहिला. तो त्यांना आश्चर्य वाटावे इतका उंच दिसला. त्याच्या खाली अनेक मोठे व तेजस्वी तारे होते. ते कोणत्याही नकाशात नव्हते आणि त्यांना नावेही नव्हती, अशी नोंद तांग राजवंशाच्या इतिहासात आहे.

ही नोंद आम्हांस फार मोलाची वाटते. ज्या ताऱ्यास राजधानीत आकाशाची सीमा मानले जात होते, तो दक्षिणेस गेल्यावर सीमा राहिला नाही. त्याच्या खालीही आकाश होते. आणि निरीक्षकांनी घाईघाईने नवी नावे ठेवण्याऐवजी जसे दिसले तसे नोंदविले.

तिबेटमध्ये मात्र भारतीय नावच गेले. तेथे या ताऱ्यास 'ऋषी' या संस्कृत शब्दाचेच रूपांतर असलेले नाव आहे. तिबेटी पंचांगाच्या सातव्या महिन्यात हा तारा दिसू लागला की नद्यांचे पाणी आरोग्यदायी होते, असे मानून आठवडाभर स्नानोत्सव केला जातो. लोकप्रिय वर्णनांत हा तारा कधीकधी शुक्र असल्याचे लिहिले जाते. पण शुक्राचा उदय दरवर्षी त्याच ऋतूत होत नाही. ल्हासाच्या अक्षांशावर पहाटे अगस्त्य दिसू लागण्याचा काळ सप्टेंबरच्या आरंभीचा, आणि उत्सवाचा काळही तोच. बृहत्संहितेतील निवळणारे पाणी अशा रीतीने हिमालय ओलांडून गेले.

६. एक मोह आणि त्याचे निरसन

येथे एक प्रश्न उपस्थित होईल. पालि सुत्तांत 'ओसधितारका' नावाच्या ताऱ्याची उपमा अनेकदा येते. शुभ्र वर्णाचे उदाहरण म्हणून तिचा उल्लेख आहे, आणि इतिवुत्तकात मैत्रीभावनेच्या तेजास पहाटे प्रकाशणाऱ्या ओसधितारकेची उपमा दिली आहे. ओसधी म्हणजे औषधी. तिबेटचा आरोग्यदायी पाण्याचा तारा अगस्त्य. मग औषधीचा हा शुभ्र तारा अगस्त्यच का नसावा? असे म्हणता आले तर आमच्या लेखास मोठेच बळ मिळेल.

परंतु असे म्हणता येत नाही. सुत्तांत या ताऱ्याची दिशा सांगितलेली नाही. दक्षिणेचा उल्लेख नाही, अकित्तीचाही नाही. कोशकारांनी ओसधितारका म्हणजे शुक्र असा अर्थ दिला आहे, आणि पहाटेच्या आकाशातील सर्वांत झगझगीत ज्योतीस तो उत्तम लागू पडतो. त्याचप्रमाणे अकित्ती जातकात ताऱ्याचा निर्देश नाही, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. ज्योतिषग्रंथांत तारा आहे पण अकित्तीचा त्याग नाही. जातकात त्याग आहे पण तारा नाही. या दोहोंना जोडणारा दुवा केवळ नावाचा आहे.

आपल्या समाजात अलीकडे इतिहासाचे पुनर्वाचन उत्साहाने होत आहे आणि ते अत्यंत आवश्यकही आहे. शतकानुशतके दडपलेला बौद्ध वारसा उजेडात आणणे हे आपले कर्तव्यच होय. मात्र या उत्साहाच्या भरात प्रत्येक जुने नाव मुळात आपलेच होते आणि ते पळविले गेले, असे विधान करण्याची सवय जडू नये. कालाम सुत्तात तथागतांनी परंपरा, ऐकीव वार्ता किंवा ग्रंथाचा आधार एवढ्यावरून काही स्वीकारू नये, असे सांगितले. हा उपदेश दुसऱ्यांच्या परंपरेपुरता नाही. तो आपल्या आवडत्या मतांसही लागू आहे. एक निराधार दावा केला की त्याच्या शेजारी असलेले दहा साधार दावेही संशयित ठरतात, आणि ज्यांना बौद्ध इतिहास नाकारायचा आहे त्यांच्या हाती आपणच शस्त्र देतो.

अगस्त्य 'मुळात बौद्ध होता' असे म्हणण्यास आधार नाही. पण अगस्त्य 'केवळ वैदिक संस्कृतीचा दूत होता' असे म्हणण्यासही तितकाच आधार नाही. पालि जातक, चरियापिटक, जातकमाला, बोरोबुदुरची शिल्पे, मणिमेकलै, वीरसोळियम् ही साक्ष स्वतःच्या बळावर उभी आहे. बौद्ध परंपरेने हे नाव स्वीकारले, दीर्घकाळ जपले आणि त्यास स्वतःचा अर्थ दिला, एवढे तिने निर्विवाद सिद्ध होते. तिला आणखी कशाची जोड देण्याची गरज नाही.

७. समारोप

एकाच ताऱ्याकडे पाहून ग्रीकांना सुकाणूधर आठवला, चिनी लोकांना दीर्घायुषी वृद्ध आठवला, पुराणकारांना पराक्रमी ऋषी आठवला. ज्या समाजाला जे मोलाचे वाटले त्याचे नाव त्याने आकाशात लिहिले. बौद्धांनी त्या नावाखाली जो पुरुष पाहिला त्याने तीन दिवस आपले शिजविलेले अन्न दारी आलेल्या याचकास दिले, आणि लोक आपणास ओळखू लागले की तेथून निघून जाणे पसंत केले. जो कीर्तीपासून दूर दूर गेला त्याचे नाव आज आकाशातील दुसऱ्या क्रमांकाच्या तेजस्वी ताऱ्यास आहे. दान करावे आणि नाव मागे ठेवू नये, ही शिकवण ज्या कथेत आहे तीच कथा आपण विसरलो, हा मात्र आपला दोष होय. विहारांच्या भिंतींवर दानशूरांच्या नावांच्या पाट्या वाढत असताना अकित्तीची आठवण व्हावी, असे आम्हांस नम्रपणे सुचवावेसे वाटते.

माघ पौर्णिमेस बहुतेक विहारांत सायंकाळी वंदना व धम्मप्रवचन होते. ते आटोपण्याच्या सुमारास हा तारा दक्षिणेस आपल्या कमाल उंचीवर आलेला असतो. पौर्णिमेच्या चांदण्यातही त्याचे तेज लपत नाही. उपासकांनी मुलांना बाहेर अंगणात न्यावे, प्रथम व्याध दाखवावा, मग त्याच्या खाली दक्षिणेकडील हा तारा दाखवावा. त्याचे स्थान, त्याचा ऋतू आणि त्याची अनेक नावे सांगावीत, आणि मग अकित्तीची कथा सांगावी. सांगताना एवढे मात्र कटाक्षाने स्पष्ट करावे की, ताऱ्याचे तेज हे त्याचे स्वतःचे आहे, कोणत्याही ऋषीचे नव्हे. नाव तेवढे माणसांनी दिलेले आहे. ते नाव कोणत्या गुणासाठी स्मरावे, हे ठरविणे आपल्या हाती आहे.